पाच कुलपे, दहा प्रयत्न

३ फेब्रु. ९७, सोम.
रद्दीवाल्याकडे आज इंग्रजी साप्ताहिकाचे सहा जुने अंक मिळाले. कोड्यांचे पान चारांतच शाबूत. उत्तरे नेहमीप्रमाणे पुढच्या अंकात, आणि पुढचा अंक नेहमीप्रमाणे नाही. आता त्याचे वाईट वाटत नाही. छापलेले उत्तर मिळत नाही म्हणूनच प्रत्येक कोडे दोन वाटांनी सोडवायची सवय लागली. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या की समजायचे, बरोबर. बाबा गेल्यावर अकरावी-बारावीची पीयूसी अर्धवट सोडली, तेव्हापासून तपासून देणारे कोणी नाही.

जेवण झाल्यावर धाकट्या बहिणीला, वनिताला, एक कोडे घातले. बाबांच्या शिलाईच्या दुकानातला बटणांचा डबा समोर ठेवला. चार रंगांची बटणे. न बघता किती काढली म्हणजे एका रंगाची तीन नक्की मिळतील? आमचा नियम: पहिली दहा मिनिटे कागद नाही, पेन नाही. ती डब्यात हात घालून छताकडे बघत बसली. मग म्हणाली, "नऊ. प्रत्येक रंगाची दोन-दोन आली तरी आठच होतात, अण्णा. नववं कुठं पळून जाईल?"
कुठं पळून जाईल! मी हे अर्धे पान लिहून सांगितले असते.
आई आतून: "बी.एस्सी. झालेली पोरगी बटणं मोजत बसलीय. स्थळ आलंय त्या हुबळीवाल्यांना काय कळवू, ते तरी सांगा."

८ फेब्रु., शनि.
व. ला पत्र आले. लेखी परीक्षा १६ ला, आमच्याच कंपनीत. पेपरातली जाहिरात बघून तिचा तिनेच अर्ज केला होता. इथे बी.एस्सी.वाल्यांना परीक्षा घेऊन घेतात आणि सहा महिने शिकवतात. बाकी सगळ्या कंपन्यांना इंजिनिअर पाहिजेत. परीक्षा म्हणजे नुसती कोडीच. चाळीस प्रश्न, एक तास.
व.: "मी तिथं लागले की मला चहा कोण आणून देणार? तूच ना, अण्णा?"
"देईन की. साखर कमी घालून."
खूप हसलो दोघे. आईसुद्धा.
ऑफिसात बोललो नाही. अटेंडरची बहीण म्हणून तिच्याकडे कोणी बघू नये, एवढ्यासाठीच.

११ फेब्रु., मंगळ.
परीक्षेचा पेपर झेरॉक्सला आला. परीक्षेचे सगळे कर्णिक मॅडम बघतात. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आल्या. मॅनेजर म्हणाले, पेपर गुप्त असतो, मशीनजवळ कोणाला तरी उभे करा. मॅडम म्हणाल्या, "नारायणलाच द्या ना. त्याला कुठे इंग्लिश वाचता येतंय." मी समोरच होतो. मग मला: "जपून हं रे. एकही कॉपी जास्त नको."
१२० प्रती. डोळे मिटून झेरॉक्स काढता येत नाही. वाचला. अर्धे प्रश्न ओळखीचे निघाले, त्याच साप्ताहिकातून उचललेले असावेत. पण सतरावा नवा होता, आणि सुंदर. पाच कुलपे, पाच किल्ल्या, सगळ्या एकत्र झालेल्या. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे कळायला, नशीब अगदी वाईट धरले तरी, जास्तीत जास्त किती वेळा किल्ली लावून पाहावी लागेल? पर्याय: पंचवीस, पंधरा, दहा, पाच.
मशीनचा दिवा एकदा जाऊन येईपर्यंत सुटला. पहिल्या कुलपाला चार किल्ल्या लावायच्या. चारही लागल्या नाहीत तर पाचवी त्याचीच, ती लावून बघायचे कारणच नाही. पुढच्याला तीन, मग दोन, मग एक. दहा. एवढा आनंद झाला की हात हलला आणि एक कागद तिरका आला. तो फाडून टाकला, मॅडमना दाखवून.
आजपासून परीक्षा होईपर्यंत घरी कोडी बंद.

१३ फेब्रु., गुरु.
व.: "दोन दिवस झाले, एक कोडं नाही. परीक्षा तोंडावर आली आणि तू गप्प. रागावलास?"
डोके दुखते म्हणालो.
कुलपांचे तिला पूर्वी कधी घातले होते का, ते वही काढून पाहिले. नाही. इथे लिहून ठेवतो, पुढे माझाच मला संशय यायला नको: तिला पेपरातले काहीही सांगितलेले नाही.

१६ फेब्रु., रवि.
परीक्षा झाली. ११२ आले. मी पाणी वाटले. व. तिसऱ्या रांगेत. तिच्याजवळ ग्लास ठेवताना दोघांनीही मान वर केली नाही.
परत येताना बनशंकरीच्या बसमध्ये जागा मिळाली. ती खिडकीशी बसून बोलतच होती. "कुलपांचं एक आलं होतं, अण्णा. दहा ना? शेवटची किल्ली लावायचीच नाही, ती आपोआप कळते. माझ्या शेजारच्या मुलानं पंधरा केलं, मला दिसलं. मला आतून काय आनंद झाला माहितीय?"
मला माहीत होते.

१७ फेब्रु., सोम.
उत्तरांची यादी हेड ऑफिसातून आली. मॅडमनी पाकीट फोडून माझ्याकडे दिली. पुठ्ठा करायचे काम माझे. उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नासमोर चार चौकोन असतात, उमेदवाराने एक काळा करायचा. पुठ्ठ्याला बरोबर उत्तराच्या जागी पंचने भोक पाडायचे. मग पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसतील तेवढे काळे चौकोन मोजायचे. माझे भोक कधी जागेवरून हलत नाही म्हणून हे मला देतात.
सतरा: पंधरा.
पाच, चार, तीन, दोन, एक. यादी करणाऱ्याने दर वेळी शेवटची किल्लीसुद्धा लावून पाहिली.
दुसऱ्या वाटेने केले. तिसऱ्या वाटेने केले. दहाच.
पंच धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. अर्धा इंच उजवीकडे. पुठ्ठा झाला की यादी कपाटात जाते, परत कोणी ताडून बघत नाही. खरे उत्तर तिथेच होते, अर्ध्या इंचावर. पण मी ते खऱ्या उत्तरासाठी सरकवले असते की बहिणीसाठी, हे मला सांगता आले नसते.
यादीप्रमाणे पाडले.
घरी व. ने विचारले, "काही कळलं?" एवढ्यात कसे कळेल, म्हणालो.

१९ फेब्रु., बुध.
निवड अठ्ठावीस गुणांपर्यंत. व. ला सत्तावीस.
तिची उत्तरपत्रिका पाहिली. सतरासमोर दहाचा चौकोन नीट काळा केलेला, रेघेबाहेर कुठे गेलेला नाही. पुठ्ठा ठेवला की तो झाकला जातो.
मॅडम जेवायला गेल्यावर सगळा गठ्ठा चाळला. ११२ जणांत दहा लिहिणारे सात. पंधरा लिहिणारे बहुतेक सगळे. सातांतले तिघे सत्तावीसवर अडकलेत. एक व. दुसरा आनेकलचा कोणी मुलगा. तिसऱ्याचे नाव वाचण्याआधी मॅडमच्या चपला वाजल्या.

२१ फेब्रु., शुक्र.
नकाराचे पत्र घरी आले. ते पाकिटात घालून तिकीट मीच लावले होते.
व. ने दोनदा वाचले. "किती कमी पडले असतील रे?"
"कंपनी सांगत नाही."
"कुलपांचंच चुकलं असेल. तो मुलगा न थांबता पंधरा करून पुढं गेला. मीच शहाणपणा केला." मग आईला म्हणाली, "हुबळीवाल्यांना येऊ दे."
आईने लगेच मला पत्र लिहायला बसवले, माझे अक्षर चांगले म्हणून. लिहिले. 'कन्या सुशील व गृहकृत्यदक्ष.' ऱ्हस्व-दीर्घ तपासून रात्रीच पेटीत टाकले.

२४ फेब्रु., सोम.
मॅडमना सांगितले. रविवारभर घोकलेली वाक्ये एकही आठवली नाहीत.
"मॅडम, सतराव्याचे उत्तर यादीत चुकले आहे."
"कुठली यादी?" मग पेन खाली ठेवले. "एक मिनिट. तुला इंग्लिश येतं?"
पहिला प्रश्न हा.
स्टोअरमधली पाच कुलपे आणि किल्ल्या सुट्या करून नेल्या होत्या. टेबलावर मांडल्या. म्हटले, तुम्हीच लावून बघा, मॅडम. पहिल्या कुलपाला एक, दोन, तीन, चार. नाही लागली. पाचवी त्यांच्या हातात होती.
"आता ही लावून बघायला पाहिजे का?"
त्या थांबल्या. किल्लीकडे बघितले. "ओ गॉड. टेनच आहे रे." क्षणभर खरोखर खूश दिसल्या. मला आवडल्या. मग तोंड बदलले. "पण सगळ्यांना सेमच आन्सर-की लावलीय ना? मग अनफेअर काय आहे त्यात?"
"ज्यांनी बरोबर विचार केला त्यांचाच गुण गेला, मॅडम. सात जणांचा."
"सात? तू शीट्स काढून बघितल्यास?"
मी किल्ल्या सरळ रांगेत लावल्या.
"कोणी तुझ्या ओळखीचं आहे का त्यात?"
"नाही, मॅडम."
इतक्या चटकन मला कोणत्याच कोड्याचे उत्तर आलेले नाही.
"मग तुला काय पडलंय? लेटर्स गेलीत. आता हेड ऑफिसला कळवलं तर ते म्हणणार, तू आधी चेक का नाही केलंस? जा, कुलपं परत लाव. आणि हे बाहेर बोलू नकोस."
कुलपे परत लावली. प्रत्येक ओढून पाहिले, दोनदा.

२७ फेब्रु., गुरु.
मॅडमनी बोलावले. बस म्हणाल्या. त्या खोलीत मी खुर्च्या पुसल्या आहेत, बसलो कधी नव्हतो.
"तू वाया चाललायस, नारायण. तुझं मराठी ऐकून हसू येतं, पण डोकं फर्स्ट क्लास आहे."
पुढच्या परीक्षेपासून पेपर आधी मी सोडवायचा. यादी मी तपासायची. जमल्यास नवी कोडी मी तयार करायची. वेगळे टेबल. अटेंडर नाही, 'टेस्ट असिस्टंट'. डिग्री नाही म्हणालो. "ते मी बघते. मॅनेजरना मी कुलपांची ट्रिक करून दाखवली, ते फ्लॅट झाले." कोणी दाखवली म्हणून सांगितले, ते विचारले नाही.
रोज कोडी. नोकरी म्हणून.
एक फॉर्म दिला. खाली छापलेले: माझ्या नात्यातील कोणीही या कंपनीच्या परीक्षेस बसलेले नाही व यापुढे बसणार नाही. "फॉर्मॅलिटी आहे. मंडेला दहाच्या आत दे. नाहीतर मी कोणाला तरी बाहेरून घेईन."
पुढची परीक्षा ऑगस्टात. एका उमेदवाराला दोनदा बसता येते.

२८ फेब्रु., शुक्र.
मांडून पाहिले.
सही केली तर पहिला भाग खोटा, आणि दुसऱ्या भागाने व. चा ऑगस्ट जाणार.
बहीण बसली होती असे खरे सांगितले, तर पेपर कोणी झेरॉक्स केला हा प्रश्न येणार. मग मी जाणार, आणि तिचे सत्तावीस गुणही चोरीचे ठरणार.
तिसरी वाट: नको म्हणायचे. आहे तिथे बरा आहे, मॅडम. चहा, झेरॉक्स, पुठ्ठा. व. ऑगस्टात बसू शकते. या वाटेत माझ्याशिवाय कोणाचेच काही जात नाही.
म्हणजे उत्तर आले. पहिल्या दहा मिनिटांत, कागदाशिवाय.
मग तीन तास कशाला बसलो होतो?

१ मार्च, शनि.
हुबळीहून उत्तर. नऊ तारखेला येतात. आई कुकरची शिट्टी बदलून आणायला सांगते आहे आणि तेही तिने दोनदा सांगितल्यावर माझ्या डोक्यात शिरले.
व. शी बोललो नाही. साप्ताहिकाचे एक पान उघडून तिच्यापुढे ठेवले. "नको, अण्णा. माझं डोकं त्यातलं नाही." पान घडी करून परत दिले. तिने आजवर एकही कोडे न वाचता परत दिलेले नाही.

२ मार्च, रवि.
दुपारी आई शेजारच्या अक्कांकडे गेली होती. व. तांदूळ निवडत होती. समोर बसून सांगितले.
"तुझं सतरावं बरोबर होतं. दहाच. यादी चुकली होती. एका गुणानं राहिलीस."
वाटले होते उडी मारेल. तिने सूप खाली ठेवले.
"तुला कधीपासून माहीत?"
"सतरा तारखेपासून."
"तेरा दिवस." मग, "त्या पुठ्ठ्याला भोकं तूच पाडतोस ना?"
"हो."
"सतराव्यालाही?"
"यादीत होतं तसं पाडायला लागतं, पुट्टी." लहानपणी तिला असेच म्हणायचो.
"सरी." कानडीत 'बरं', एवढेच. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. एक खडा, दुसरा खडा. मॅडमना सांगितले ते सांगितले, कुलपे दाखवली ते सांगितले. ओळखीचे कोणी आहे का विचारले, ते सांगितले नाही. तिने मध्ये एकदाही वर पाहिले नाही.
मग अचानक म्हणाली, "ऑगस्टात परत आहे ना? हुबळीवाल्यांना मी थांबा म्हणू शकते. आईचं मी बघते. तू तेवढं सांग. बसू?"
तिचा आवाज परत तसा झाला होता, बसमधल्यासारखा.
"बघू," म्हणालो.
"बघू म्हणजे?"
"बघू म्हणजे बघू."
ती सूप घेऊन आत गेली.
फॉर्म शर्टाच्या खिशात आहे. काल संध्याकाळी सगळे रकाने भरून ठेवले, खाडाखोड कुठे नाही. फक्त सही राहिली आहे. उद्या दहाच्या आत द्यायचा.