मधल्या सहा वर्षांची खोली

८ जानेवारी, सोमवार

मिळाली! वाचनालयाची मागची खोली मिळाली — पण महिन्यापुरती. अध्यक्ष म्हणाले, "एकतीस तारखेला समितीची बैठक आहे. तोवर तेरा ते अठरा वयाची तीस मुलं येताना दाखवा. नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे परत आत."

सव्वीस वर्षं बघतेय. आमचा बालविभाग बाराव्या वर्षी संपतो, मोठ्यांचा अठराव्याला सुरू होतो. मधली सहा वर्षं मुलं कुठे जातात हे कोणी विचारत नाही. मी त्यांचं कार्ड जमा करून घेते, आणि मग ती रस्त्यात दिसली तरी ओळख देत नाहीत. खोली गेली तर ग्रंथपाल म्हणून निवृत्त होईपर्यंत हेच करत बसायचं. नको झालंय मला.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तू बोलावलंस ना? मग झालं. नाही येत आता."

११ जानेवारी, गुरुवार

दारावर रंगीत कागद लावला — "या, बसा, मनात येईल ते करा." दोन मुली आल्या. बसल्या. हसल्या. माझ्या तोंडून आपोआप "शूऽऽ" निघालं. उठल्या, गेल्या.

कप्पाळ माझं.

१३ जानेवारी, शनिवार

आज पाच. पाचही जणांना मी "कितवीत?" आणि "अभ्यास काय म्हणतोय?" विचारलं. विचारायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते.

१६ जानेवारी, मंगळवार

एकोणीस! सूचनापेटी ठेवल्याचा गुण. बुटांच्या खोक्याला फट पाडली, बस्स. कोरे कागद संपले होते म्हणून चिठ्ठ्यांसाठी जुने छापील अर्ज मधोमध फाडले. वर "सभासद क्रमांक" असा रकाना होता. मुलंही गुणी, बालविभागातला आपला जुना क्रमांक भरून मोकळी.

चिठ्ठ्या वाचून करमणूक झाली. एकीला झोपायला सोफा हवा. एकाचं म्हणणं, भिंतीवरचे सुविचार काढा, गुदमरायला होतं. आणि एकीने लिहिलंय — "शिकवणी बुडवून येते तेव्हा खिडकीला पडदा हवा. समोर बाबांचं दुकान आहे." बिचारी.

चिठ्ठ्या टेबलावर ठेवून घरी आले.

२० जानेवारी, शनिवार

चोवीस. सह्या करून हात दुखला, आज पत्रांचा ढीग होता. आमचे कारकून भाऊसाहेब, त्यांनी पुढे ठेवला, मी सह्या ठोकल्या. वाचत कोण बसतंय!

२३ जानेवारी, मंगळवार

धरणीमाते, पोटात घे.

सकाळी समोरचे विजेच्या सामानाचे दुकानदार आले. हातात पत्र, वाचनालयाचा शिक्का. मोठ्याने वाचून दाखवलं — "महोदया, आपल्या चिठ्ठीस अनुसरून कळविण्यात येते की, आपण शिकवणी बुडवून येता त्या वेळी आपल्या वडिलांच्या दुकानातून दिसू नये यासाठी खिडकीस पडदा लावण्याची बाब विचाराधीन आहे. आपली विश्वासू." आणि खाली माझी सही!

भाऊसाहेब हाडाचे कारकून. इमारतीत कागदाचा कपटा शिरला की त्याला आवक क्रमांक आणि सात दिवसांत उत्तर. टेबलावरच्या चिठ्ठ्या दिसल्या. सभासद क्रमांकावरून नोंदवहीतून घरचे पत्ते काढले आणि एकोणीसच्या एकोणीस उत्तरं टपालात टाकली.

मी म्हटलं, "अहो भाऊसाहेब, हे काय केलंत?"

"का? उशीर झाला का?"

सही माझीच. दुकानदारांची हात जोडून माफी मागितली. ते पत्राची घडी करून खिशात घालून गेले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२४ जानेवारी, बुधवार

शून्य.

२५ जानेवारी, गुरुवार

शून्य. भाऊसाहेब डबा न उघडता बसून होते. सासूबाईंना सगळं सांगितलं, त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग मला रडताना बघून म्हणाल्या, "जाऊ दे गं. निदान उत्तर तरी दिलंत तुम्ही. या वयात यांना कोण उत्तर देतं?"

२७ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

चार वाजता सोफावाली आली. माझ्याकडे बघितलंही नाही, थेट भाऊसाहेबांच्या टेबलाशी. पत्र घडी घालून फोनच्या कव्हरमध्ये ठेवलेलं! "मला आजवर कोणी महोदया म्हटलेलं नाही. सोफ्याचं 'विचाराधीन' आहे म्हणजे कुठपर्यंत आलंय?" भाऊसाहेबांनी चष्मा पुसला आणि तिला खुर्ची दिली. माझ्या देखत त्यांनी आजवर कोणाला खुर्ची दिलेली नाही. तिच्यामागे तिच्या मैत्रिणी. त्यांनाही पत्र हवं. "शिक्का मारून" हवं.

भाऊसाहेबांनी एकच बदल केला — उत्तर हातात, टपालाने नाही.

सहाला दुकानदार मुलीला घेऊन आले. ते म्हणाले, "पडदा माझ्याकडून. शिकवणीच्या वेळेला मात्र उघडा ठेवायचा." मुलगी म्हणाली, "बाबा, ही अट लेखी द्या." दिली त्यांनी! आवक क्रमांक पडला.

एकतीस मुलं.

३० जानेवारी, मंगळवार

अडतीस. मुलं भाऊसाहेबांकडून समितीला अर्ज कसा लिहायचा ते शिकतायत. मी डोकावले तर कागद झाकला. "मॅडम, उद्या कळेल." माझ्या खोलीसाठी माझ्याआधी भांडायला निघालीत लेकरं. घरी येताना उगाच दोनदा डोळे पुसले.

३१ जानेवारी, बुधवार

खोली राहिली! कायमची. अध्यक्षांनी अर्ज मनातल्या मनात वाचला, मिशीत हसले आणि कागद सगळ्यांकडे फिरवला. माझ्यापर्यंत यायच्या आत मंजूर, एकमताने. प्रत उद्या मिळेल.

सासूबाईंनी चक्क पाठ थोपटली.

१ फेब्रुवारी, गुरुवार

प्रत मिळाली. कलम चार — "खोलीत मोठ्यांपैकी फक्त भाऊसाहेब असावेत. ग्रंथपाल मॅडम मनाने चांगल्या आहेत. त्यांनी दार वाजवून यावे."

वाजवलं. आतून आवाज आला, "थांबा जरा."

थांबले.