छत्र्यांच्या खोलीतला होकार

४ मार्च, सोमवार

आज त्या उंचेल्याने कहर केला! शिकाऊ बॉम्बर विमानांवरचा तो, ज्याला सगळे वाटाड्या म्हणतात. विमानाला नकाशावरून वाट दाखवायचं काम त्याचं, आणि स्वतः मात्र कँटीनमधून आमच्या पॅराशूट बांधायच्या खोलीकडे येताना दोनदा चुकतो. आला, आपली छत्री, म्हणजे पॅराशूट, घेतली, आणि उचलायचा पट्टा सोडून नेमकी उघडायची लाल कडी धरून उचलली. फस्स! ढीगभर रेशीम फरशीवर. माझी तासाभराची मेहनत पाण्यात.

बाईंनी, म्हणजे आमच्या खोलीच्या मुख्य, मान वर न करता विचारलं, "नियम माहीत आहे ना?" नियम असा, की ज्याने चुकून छत्री उघडली त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून दोऱ्या ताणून धरायच्या, पुन्हा घडी होईपर्यंत. चोवीस दोऱ्या. धरल्या बिचाऱ्याने. तोंड मात्र बंद नाही – आईचं शेंडेफळ, तीन थोरले भाऊ, वांगं आवडत नाही. मी काही विचारलं नव्हतं.

६ मार्च

पुन्हा लाल कडी!!

८ मार्च, शुक्रवार

तिसऱ्यांदा. मीही काही दूधखुळी नाही. म्हटलं, "नकाशे वाचता आणि एवढी कडी दिसत नाही?"

"पहिल्यांदा खरंच चुकलं," तो म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर दोऱ्या धरायला बरं वाटलं."

माझे कान तापले. बाईंना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घडी नीट घाल गं. प्रेमात बांधलेली छत्री उघडत नाही." बाईंची जीभ म्हणजे कात्री.

११ मार्च

आईचं पत्र. लग्नाचा विषय तिसऱ्या ओळीत. प्रगती आहे, मागच्या वेळी पहिल्याच ओळीत होता.

१५ मार्च, शुक्रवार

आज काहीही न उघडता आला. बाईंना म्हणाला, "दोऱ्या धरू का? रिकामाच आहे." बाई कपाटाकडे तोंड करून काहीतरी शोधत बसल्या. त्या कपाटात काही नसतं.

मी सोळाव्या दोरीवर होते तेव्हा त्याने विचारलं. सरळच – "लग्न करशील माझ्याशी?" झालं, मोजणं चुकलं, पहिल्यापासून सगळं.

उत्तर मला माहीत आहे. पण लगेच हो म्हटलं तर डोक्यावर चढून बसेल. म्हटलं, "सोमवारी सांगते." तो म्हणाला, "सोमवारी दोन विमानं शेजारी शेजारी उडवायचा सराव आहे. उतरलो की चारला येतो." जाताना चुकीच्या दाराने गेला.

१७ मार्च, रविवार

आरशासमोर चार तऱ्हांनी "हो" म्हणून बघितलं. एक लाजून, एक तोऱ्यात, एक बाईंसारखं. चौथं बरं वाटलं, ते साधं होतं. उद्या त्याच्याबरोबर मीच बांधलेली छत्री जाईल, बाईंनी मुद्दाम तीच बाजूला काढून ठेवली आहे.

१८ मार्च, सोमवार

ढगात दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. प्रत्येकात पाचजण. दहांपैकी एकही नाही.

चार वाजता मी दाराकडे बघितलं.

१९ मार्च

एकच गोष्ट डोक्यात. माझी छत्री उघडली नाही का? सोळाव्या दोरीपाशी चुकले होते, तीच होती का ती? एकही घडी धड पडत नाही.

२० मार्च, बुधवार

विमानं पडली त्या शेतात बाई काल संध्याकाळी स्वतः जाऊन आल्या. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "सगळं क्षणात झालं. कुणाला उडी मारताच आली नाही. तुझी छत्री बांधलेलीच आहे, कडीला हातही लागलेला नाही." मग चष्मा काढून पुसला. "मी त्या दिवशी ते बोलायला नको होतं गं."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. रागही आला मला, माझाच. तीन दिवस कशाला थांबवलं मी त्याला? काय एवढा तोरा! दोन अक्षरंसुद्धा नव्हती, एकच होतं.

२३ मार्च, शनिवार

त्याचं सामान न्यायला त्याची आई आली होती. ठेंगणीशी, हातात त्याचा कोट. कुणाला न विचारता थेट आमच्या दारात. माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच ना गं ती? सहा तारखेला त्याचं पत्र आलं. लिहिलं होतं, आई, छत्र्या बांधणारीने हो म्हटलंय."

सहा तारखेला! मला विचारलं पंधराला. खोटारडा मेला.

"खरं ना ते?" तिने विचारलं.

"हो, आई," मी म्हटलं.