सर्वानुमते मान्य

१७ जून १९९६
आले बाई एकदाची सुरतेला! पांडेसऱ्यातली मराठी शाळा, चौथीचा वर्ग, बमरोलीत भाड्याची खोली. अमळनेरला घरी बसून पोळ्या लाटण्यापेक्षा लाख पटीनं बरं. दर शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांची सहविचार सभा भरते म्हणे. कुणाचं कुठं अडतंय ते एकमेकांना सांगायचं, मिळून वाट काढायची. ऐकून मी हरखलेच.

२२ जून
कसला सहविचार अन् कसलं काय! मुख्याध्यापक बन्सीलाल सर सभेचं इतिवृत्त शुक्रवारीच लिहून ठेवतात. शनिवारी ते वाचायचं, साऱ्या नंदीबैलांनी माना हलवायच्या, सह्या ठोकायच्या अन् फाफडा खायचा. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना वाचता येत नाही, असं मी सांगितलं. सरांनी पुढं वाचलं: चौथीची सर्व मुलं वाचतात, सर्वानुमते मान्य.
मी सही केली नाही. करते माझी बला!

२९ जून
आजही सही नाही. सर रागावले नाहीत. सुषमाबाईंनीही एकदा अशीच केली नव्हती, एवढंच हसून म्हणाले. या तिसरीच्या सुषमाबाई पूर्वी सभेत फार भांडायच्या म्हणे. सभेनंतर मी त्यांना घर कुठं विचारलं, त्यांनी मान हलवली. मुलं किती विचारलं, मान हलवली. बावळट कुठली!

६ जुलै
आज ठणकावून सांगायला उभी राहिले. तोंड उघडलं अन् मान हलली. वर-खाली, तीनदा. मी हलवली नाही! इतिवृत्तात माझी सही होती. अक्षर माझंच, शाई कालची वाळलेली.

८ जुलै
त्या अकरांतल्या निशाची आई, धुरपदाबाई, गिरणीतली पाळी बुडवून आली. मन्ही निशाले वाचता येस ना, असं विचारलं. नाही म्हणायचं होतं— मान हलली. बाई आनंदानं रडली. शिकवणी लावणार होती, आता नको म्हणाली. पोरीचं वाटोळं केलं मी.

१० जुलै
आवाज फुटत नाही. मान थांबत नाही. हात आहे अजून. खरं इथं लिहून धुरपदाबाईला देते, घेईल कुणाकडून वाचून. लिही भवाने, लवकर—
निशाला वाचता येत ना—
येत ना—
निशाला उत्तम वाचता येतं. शिकवणीची गरज नाही. हे मी नाही लि— धुरपदाबाई, खोटं— सर्वानुम—