नळाची धार

३ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

पत्राला बसलं की आधी तब्येत विचारायची असते, म्हणून विचारते. गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. सर्दी गेली.

सध्या युद्धाच्या काळातल्या जर्मनीचा एक सिनेमा हातात आहे. तू लोकांना नुसतं 'धाकटी सिनेमात असते' म्हणतेस आणि लोक मला नटी समजतात. अगं, पडद्यावर माणूस चालतो, त्याची पावलं मी अंधाऱ्या खोलीत बसून वाजवते. दारं, कपबशा, सगळं मीच. लहानपणी खुडबुडी म्हणायचीस ते काही उगाच नाही.

तर यात एक बाई आहे. लाख चांगली. शेजारणीच्या मुलीला स्वेटर विणून देते. एका संध्याकाळी सैनिक त्याच शेजाऱ्यांना पकडून न्यायला येतात. जिन्यात रडारड चालू असते, ही भांडी घासत असते. ती नळ आणखी सोडते. बस्स, एवढंच.

दिग्दर्शक म्हणाले, "बाई वाईट नाहीये हं. घाबरलीय. लोकांना तिची कीव यायला हवी आणि रागही."

मी म्हटलं, "एका नळात दोन्ही कसं बसवू?"

ते हसले. पहिल्याच खेपेला बरोबर जमलं. सगळे वा वा म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. घरी येऊन जेवले.

ताई, तो आवाज तुझ्या स्वयंपाकघरातला आहे. मागच्या महिन्यात मी आले होते, तेव्हा आतल्या खोलीत तुझा बाळ सूनबाईला मारत होता आणि तू नळ सोडलास. रिकाम्या पातेल्यात धार पडली की दुसरं काही ऐकू येत नाही. मी शेजारी उभी राहून ताटं पुसत होते. मीही ब्र काढला नाही. मग तू विचारलंस, "चहा टाकू?" मी हो म्हटलं.

तुला वाईट म्हणत नाही मी. भावजींचा हात तुझ्यावर उठायचा तेव्हा तुझ्या सासूबाई रेडिओ मोठा करायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस.

सूनबाई माहेरी गेली असं तुला वाटतंय. ती माझ्याकडे आहे. मीच बोलावलं. डावा हात प्लास्टरमध्ये आहे. या खेपेला डॉक्टरांना तिने पडले म्हणून सांगितलं नाही, खरं ते सांगितलं. येत्या सोमवारी आम्ही पोलिसांत जाणार आहोत. त्या दिवशी मारताना घरात कोण होतं, ते विचारतील. मी माझं नाव सांगणार आहे. तुझंही सांगावं लागेल.

आता ती आत झोपली आहे. मी भांडी तशीच ठेवलीत, तिला जाग येईल म्हणून.

बाळ आला तर मी दार उघडणार नाही. तू सोमवारच्या आत आलीस तर उघडीन. एकटी ये.

तुझीच,
खुडबुडी