पक्षाघाताची चार कलमे

४ नोव्हेंबर १९३६
बारामतीहून मोटारीने सणसरला उतरलो, पुढे दोन मैल बैलगाडी. धर्मादाय दवाखाना छोटा, पण नेटका. समोर उसाचे फड, मागे माझी खोली. पहिलीच नोकरी, गाडीत मोठ्याने गात आलो. सावळाराम इथला जुना ड्रेसर, मलमपट्टी करणारा. त्याला अक्षरओळख नाही, बाटल्या रंगावरून ओळखतो. त्याने गूळ-शेंगा पुढे केल्या.

आतल्या खाटेवर माझ्या आधीचे डॉक्टर मोहनराव आहेत. दसऱ्याला पक्षाघात झाला. उजवे अंग आणि वाचा गेली. घरचे कोणी नाही. सावळाराम त्यांना पोटच्या लेकरासारखा जपतो.

६ नोव्हेंबर
भिंतीवर मोहनरावांच्याच अक्षरात पाटी आहे. पक्षाघातावर पहिल्या दिवशी, मग दर सोमवारी: एक, शीर उघडून दहा औंस रक्त काढणे. दोन, जिभेवर जमालगोट्याचे तेल. तीन, मानेवर मोहरीचा लेप, फोड येईपर्यंत. चार, वाचा गेलेल्यास काही कळत नाही. रडला तरी हात थांबवू नये.

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली असेल तर रक्त काढावे, तुंबली असेल तर त्याने घातच होतो, असे आम्हाला शिकवले होते. पण फुटली की तुंबली, हे बाहेरून कळत नाही. ‘‘नव्या डाक्टरची सही लागती, रीत हाय,’’ असे सावळाराम म्हणाला. पाटीखाली केली सही.

९ नोव्हेंबर, सोमवार
सावळारामने चारही कलमे हळुवार हाताने पार पाडली. मोहनरावांचे डोळे पाटीवर, मग माझ्यावर. पाणी वाहत होते. ‘‘रडत्यात, पर कळत न्हाय. त्यांनीच लिवलंय न्हवं?’’ असे म्हणून त्याने ते पुसले.

झाडलोट करणारी दगडाबाई दारातून म्हणाली, तिच्या भावाला पारव्याचं रगात चोळलं हुतं. बरा न्हाय झाला, पर पारवं टोचत तरी न्हाय. मी हसलो.

१४ नोव्हेंबर
सकाळी हातातून बाटली पडली. उजवा हात माझा नव्हताच. सावळारामला हाक मारायला गेलो, शब्द नाही. पाच-सात मिनिटांत सगळे परत आले.
पण त्या वेळात मी सगळे ऐकत होतो. उसाच्या गाड्यांची घुंगरे, दगडाबाईचा खराटा. सगळे कळत होते.

१५ नोव्हेंबर
मोहनरावांच्या कानाशी सांगितले, कळत असेल तर दोनदा डोळे मिटा.
दोनदा मिटले. मग पुन्हा दोनदा. पुन्हा. मी खोलीबाहेर आलो तरी मिटतच होते.

१६ नोव्हेंबर, सोमवार
पाटी उतरवली. आजपासून बंद, असे बजावले. सावळारामच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, मोहनरावसायबांनीबी पडायच्या आधी अशीच पाटी काढली हुती. आजार डोक्यात शिरला की डाक्टर असंच बोलत्यात.
त्याने पाटी परत टांगली. मी खाटेपुढे आडवा उभा राहिलो. हात पुन्हा गेला, मीच पडलो. शुद्ध होती. चारही कलमे झालेली पाहिली.
दुपारी मोहनराव गेले.

१७ नोव्हेंबर
खाट धुऊन उन्हात ठेवली आहे. वाचा परत आली, जड. उद्या इंदापूरला निघतो. गाडी सांगायला सावळारामला पाठवले —

१८ नोव्हेंबर
गाडी नाही. अशा तब्येतीत हलवू नये म्हणतो. मायेने म्हणतो. चालत निघालो — विहिरीपर्यंत. दगडाबाई आणि त्याने उचलून आणले.

डाव्या हाताने लिहितोय. उजवा गेला. वाचा गेली. लिहून दाखवले — त्याला वाचता येत नाही. दगडाबाईलाही नाही. डोळे दोनदा मिटले. दोनदा. तो पदराने — नाही, धोतराने पुसतो आहे

पाट्यावर मोहरी वाटतोय. वास आला. सायब, रडू नका, तुमचीबी सही हाय म्हणतो

सावळाराम मला कळतंय मला सग