पाहुण्यांसमोर घेतलेली गोळी

पोलादपूर, रविवार, १२ एप्रिल १९९८

शेवटी घेतलीच गोळी, मुलाकडच्या पाहुण्यांसमोर. सकाळी ही बजावत होती, "आज गोळीचं नाव काढू नका. बापाला ब्लडप्रेशर हाय कळलं तर पोरीची सोयरीक मोडंल." पण महाडचे डॉक्टर म्हणाले होते, दाबाने रक्तवाहिन्या ताठरल्यात, गोळी एक दिवसही चुकवू नका. मग पाहुण्यांसाठी का चुकवायची? गोळी घेतली आणि लोणचंही नको म्हटलं. मुलाचा बाप हसला, "आमच्या घरात असले आजार नायत." मी विचारलं, "कधी मोजलंय?"

चुकलं का माझं? नाही वाटत. ही अजून बोलत नाही. सोयरीक मोडली तर मोडो. देवापुढे दिवा लावून एवढंच मागितलं, पोरीला असं घर मिळो जिथे दुखणं लपवावं लागणार नाही.