खाडीच्या बाजूची झापं

आये, आज सकाळपासून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबत बसले आहे. आता मी डोंबिवलीतच तिसऱ्या मजल्यावर राहते, तरी वादळ येणार म्हटलं की तुझ्यासारखीच कामाला लागते. मेणबत्त्या काढल्या, पिण्याचं पाणी भरलं, रेशनकार्ड पिशवीत गुंडाळलं. सून म्हणाली, "आई, इथे कुठे पाणी चढणार आहे?" मी पुढच्या फटीत चिंधी कोंबली. मला पाण्याची नाही, वाऱ्याची भीती वाटते, हे तिला काय सांगू. त्या वाऱ्याच्या वर्षीची एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, आणि तू गेल्यावर इतक्या वर्षांनी ती लिहायला बसले आहे.

आपल्या खाडीकाठच्या घरात मे उजाडला की तुझी आगोट सुरू व्हायची, पावसाळ्याची सगळी बेगमी. जवळा, बोंबील मडक्यांत, कांद्याच्या माळा आढ्याला, गोवऱ्या माळ्यावर, तांदळाची कणगी विटांवर चढवलेली. मला तर वाटायचं, पाऊस आपल्याच घराचा सूड घ्यायला येतो की काय. सगळ्यात शेवटी झापं. खाडीवरचा वारा थेट पडवीत घुसायचा, म्हणून त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्या आडव्या बांधायच्या. त्या विणायला पलीकडच्या आळीतली तुझी लहानपणची सोबतीण यायची, मी तिला मावशी म्हणायचे. ती बाहेर बसते, तू आत. ती झापाच्या फटीतून काथ्या आत सारते, तू ओढून घेतेस, पीळ देऊन परत बाहेर सारतेस. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, पण अख्ख्या गावाची उणीदुणी त्या फटींतून निघतात, आणि तू हसतेस. बाबा मिठागरावर गेले ते गेलेच, त्यानंतर तू वर्षातून तेवढीच हसायचीस.

ठाण्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्यात ऑफिसमधली एक मैत्रीण घरी आलेली. झापं बघून तिने सहज विचारलं, "इकडे गोठा आहे का गं?" तिच्या मनात काही नव्हतं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात पुढच्या जूनमध्ये मला बघायला माणसं येणार होती, बिल्डिंगमध्ये राहणारी. मी मानपाड्याच्या रस्त्यावरून जाड निळं प्लास्टिक घेऊन आले. तू ते हाताने चाचपलंस. "याला भोक नय कुठं. वारा जाईल कुठनं?" मी म्हटलं, आये, तुला नाही कळत त्यातलं. तू म्हणालीस, "बांध तुजं. वरनं झापंबी लावू. ती येलच."

ती आली नाही. तू झावळ्या भिजत घालून ठेवलेल्या, त्या कुजून वास मारायला लागल्या. बोलवायला तू गेली नाहीस. दरवर्षी न बोलावता येणाऱ्या माणसाला बोलवणं धाडायचं म्हणजे तिला परकं करण्यासारखं, असं तुझं म्हणणं. "इसरली ती मना," एवढंच बोललीस आणि झावळ्या उकिरड्यावर टाकून आलीस.

आये, ती आलेली. तू बाजारात गेलेलीस. हातात कोयती, खांद्यावर काथ्याचं वेटोळं, नेहमीसारखी मागल्या अंगणात येऊन उभी राहिली. मीच तिला अडवलं. म्हटलं, मावशी, यंदा झापं नकोत, आयेनेच सांगितलंय. तिने खांद्यावरचं वेटोळं सावरलं. "आयशीनं सांगितलं गो?" मी हो म्हटलं. "बरं," म्हणाली आणि आल्या वाटेने गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

मग तो वारा आला, भर दुपारी, मी ऑफिसात असताना. प्लास्टिक फुगलं आणि एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या. तू स्टुलावर चढून ते धरायला गेलीस. त्याने तुला स्टुलासकट ओढलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात तू पडून होतीस तेव्हा मावशी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी घेऊन आली. तू भिंतीकडे तोंड केलंस. "झापांना आली नयस, आन आता आलीस?" तेवढ्या एका प्रश्नात तिला सगळं कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, एकच. मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतत राहिले. तिने भाकरीचं फडकं कॉटवर ठेवलं आणि निघून गेली.

तिने तुला कधीच सांगितलं नाही. का, ते मला आजही उमगत नाही. माझं लग्न मोडेल म्हणून असेल. तसं ते ठरलंच नव्हतं, ती माणसं त्या पावसात आलीच नाहीत. तू चार वर्षं काठी टेकत चाललीस आणि चारही पावसाळे तिच्या नावाने बोटं मोडलीस. तुझ्या मयताला ती आली तेव्हा घरात शिरली नाही, मागल्या अंगणात, तिच्या बसायच्या जागेवर, उभी राहिली. आता तीही गेली. मला तुम्ही दोघी हव्या होतात गं, एक आत आणि एक बाहेर.

हे पत्र कुठे धाडणार. तुला तर वाचताही येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचे आणि तुझ्या मनाला लागेल ते गाळायचे. "एवढंच लिवलंय?" तू विचारायचीस, मी हो म्हणायचे. खरं सांगते, तू आत्ता समोर येऊन बसलीस आणि हे वाच म्हणालीस, तर मागल्या अंगणातलं तेवढं मी आजही गाळेन.